परत फेकलेला चेंडू

आयुष्यात मी एकच झेल घेतला. तोही मैदानात नव्हे, तिकीट काढून, प्रेक्षकांत बसून. झेल घेतल्यावर मी जे केलं त्याचा विषय निघाला की माझी मुलगी अजूनही माझ्याशी जपानीत बोलायला लागते. रागावल्यावर तिला मराठी सुचत नाही.

माझा झेलांचा इतिहास आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत क्रिकेट चालायचं आणि अकरावा माणूस कमी पडला तरच मला हाक यायची. मला सायकल स्टँडजवळ उभं करत, कारण तिकडे फारसा चेंडू येत नसे. आलाच तर तो माझ्या हातांतून, पायांतून, एकदा तर शर्टाच्या आतून निसटून गेला होता. माझ्या बाजूला उंच फटका गेला की बोलर झेलाची वाट न बघता सरळ वळून चालायला लागायचा. एक गोष्ट मात्र मला झकास येत होती, चेंडू परत फेकणं. शेजारच्या बंगल्यातून, गटारातून, पाण्याच्या टाकीमागून मी चेंडू शोधून आणायचो आणि गच्चीवरूनसुद्धा बरोब्बर यष्टीपाशी फेकायचो. "बॉल दे रे!" अशी आरोळी आली की माझा हात आपोआप मागे जायचा. हातात आलेला चेंडू आपला नसतो, तो खेळाचा असतो, हे माझ्या हाडांत भिनलं होतं. दुसरं काही भिनलं नाही.

आता ओजिमा. तोक्योच्या पूर्वेला कोतो भागात सरकारी घरांच्या उंच इमारती आहेत, तिथं आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. मी, बायको आणि मुलगी. मी कंपनीच्या कंत्राटावर दोन वर्षांसाठी आलो होतो. त्या दोन वर्षांचं पुढे काय झालं ते कंत्राट देणाऱ्यांनाही आठवत नसेल. बायको आता माझ्यापेक्षा चांगलं जपानी बोलते आणि मुलगी आम्हा दोघांना दुकानात चूप बसवते.

चौथ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, एक आजोबा एकटेच राहायचे. ऐंशीच्या घरातले, बुटके, काठीसारखे ताठ. त्यांची माझी ओळख कचऱ्यावरून झाली. इथं जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार वेगळा. इमारतीतल्या रहिवाशांपैकी आळीपाळीनं कुणीतरी कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवतं. त्या आठवड्यात पाळी आजोबांची होती. बायकोनं मोदकांसाठी नारळ फोडले होते आणि मी पिशवी घेऊन खाली गेलो होतो. माझ्या पिशवीतून दोन करवंट्या बाहेर काढून ते उभे होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नारळ," मी म्हणालो. "म्हणजे, नारळ संपल्यावर जे उरतं ते."

"जळतं?"

मी इंजिनियर माणूस. "तसं म्हटलं तर सगळंच जळतं," असं उत्तर दिलं. हे उत्तर कचऱ्याच्या जागी उभं राहून द्यायचं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, करवंटीचा वास घेतला, नखानं खरवडून बघितलं. मग दोन्ही करवंट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, त्या गोळ्याभोवती दोन बोटं वर आणि अंगठा खाली अशी चेंडूची पकड घेतली, डावा पाय किंचित उचलला, आणि फेकायचा आव आणून थांबले.

"थोडा मोठा आहे," म्हणाले, आणि करवंट्या जळणाऱ्यात टाकल्या.

त्या दिवसापासून मी त्यांचा "इंडोसान", म्हणजे भारतवाले साहेब, झालो आणि ते आमच्या घरात "खालचे आजोबा". मुलगी त्यांना जपानीत आजोबाच, ओजीचान, म्हणायची. शनिवारी दुपारी मॅच असली की ते बांबूच्या काठीनं आपल्या छतावर, म्हणजे आमच्या जमिनीवर, दोनदा ठोकायचे. मग मी पोह्यांची बशी घेऊन खाली जायचो आणि ते मला बेसबॉल शिकवायचे.

मी वाईट विद्यार्थी. ओरडायचं कधी हेच मला कळत नसे. इथला रिवाज असा की आपला संघ बॅटिंग करत असेल तेव्हाच आपण गायचं, बडवायचं, ओरडायचं; समोरच्यांची पाळी आली की गप्प बसून त्यांच्या लोकांना ओरडू द्यायचं. मी क्रिकेटवाला, विकेट पडली की नाचणारा. समोरचा बाद झाला म्हणून मी टाळ्या पिटल्या की आजोबा टीव्हीचा आवाज कमी करायचे.

"आत्ता त्यांची पाळी आहे," ते म्हणायचे.

"पण तो आउट झाला की!"

"झाला. त्याला वाईट वाटत असेल. तू पोहे खा."

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आजोबा जन्मले तोक्योत, वाढले तोक्योत, आणि त्यांचा संघ मात्र ओसाकाकडचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. तोक्योचा संघ आणि हा, दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आपल्याच गल्लीत राहून शत्रूचा झेंडा लावण्यासारखं ते होतं. मी एकदा गमतीत विचारलं, "आजोबा, तुम्हाला शेजाऱ्यांनी अजून मारलं कसं नाही?"

"माझा नाही तो संघ," ते म्हणाले. "ताईचा आहे."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या ताईची गोष्ट सांगितली. माझं जपानी मध्येच कोलमडायचं म्हणून मुलगी शेजारी बसून जोडकाम करत होती. मोठ्या माणसांचं रडणं तिला भाषांतरात सांगावं लागू नये म्हणून आजोबा अगदी साध्या, सपाट आवाजात बोलत होते.

आईवडील युद्धातल्या आगीत गेले. ही इमारत आहे तिथून फार लांब नाही. ताई तेव्हा शाळकरी पोर. तान्ह्या भावाला पाठीवर बांधून ती नदीच्या दिशेनं पळाली म्हणून दोघं राहिले. पुढे ती इथल्याच एका काचेच्या कारखान्यात लागली, दिवे पुसून पेट्यांत भरायच्या कामावर. कारखान्यात सगळे तोक्योच्या संघाचे. "म्हणून ती दुसऱ्यांची," आजोबा म्हणाले. "सगळे ज्याला शिव्या देतात त्याच्याकडे कुणीतरी असायला हवं, असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगू, तिला भांडायला आवडायचं."

आजोबा दहाएक वर्षांचे असताना ताईनं कारखान्यात "मावशी आजारी आहे" अशी थाप मारली आणि भावाला घेऊन या दोन संघांची मॅच बघायला गेली. मावशी नव्हतीच त्यांना. तेव्हाचं मैदान उघडं होतं, वर आभाळ. लाकडी बाकं, माणसं इतकी की लोक एकमेकांच्या गुडघ्यांवर बसले होते. ताईनं डब्यात भात आणि मध्यभागी एक खारवलेलं आंबट आलुबुखार आणलं होतं. भात संपला, डबा रिकामा झाला, आणि मग तो चेंडू आला.

बॅटला नीट न लागता रेषेबाहेर उडालेला फटका. तो वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि खाली आला तो ताईच्या ओंजळीत. "चपकन आवाज आला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या तळव्यावर थाप मारून दाखवली. आजूबाजूची माणसं ओरडली. ताईनं चेंडू भावाच्या हातात दिला. तो अजून गरम होता, असं आजोबांचं म्हणणं. चेंडू कशानं गरम होणार, ताईचेच हात गरम असतील. पण मी काही बोललो नाही. अशा वेळी गप्प बसणं मला आयुष्यात क्वचित जमलं आहे.

मग टोपीवाला माणूस आला. दंडावर पट्टी, दोन्ही हात पुढे. त्या काळी प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यायचा असे. नियमच होता. ताईनं भावाच्या हातातून चेंडू घेतला, त्या माणसाला दोन्ही हातांनी दिला, आणि वाकून नमस्कार केला. तोही वाकला. गेला.

"मी रडायला लागलो," आजोबा म्हणाले. "ती नाही रडली. तिनं मूठ अशी गच्च बंद करून ठेवली, चेंडू आत असल्यासारखी. परत येईपर्यंत उघडली नाही. आणि ट्राममध्ये माझ्या कानात म्हणाली, पुढच्या वेळी डब्यात लपवू."

पुढची वेळ आली नाही. त्याच हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्यानं गेली.

आजोबा उठले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरून डबा घेऊन आले. अ‍ॅल्युमिनियमचा, चौकोनी, कडा चेपलेल्या. झाकणाच्या मध्यभागी एक भोक होतं. रोज त्याच जागी आंबट फळ ठेवून ठेवून आंबटपणानं पत्रा खाल्ला होता.

नंतर कधीतरी मैदानावरचा नियम बदलला. आता चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. तेव्हापासून आजोबा दर वर्षी निदान एकदा तरी, या दोन संघांची मॅच असली की, हा रिकामा डबा घेऊन जात. चेंडू मिळाला की तो डब्यात घालून ताईच्या थडग्यापाशी न्यायचा. एवढीच इच्छा. चेंडू दुकानातला चालणार नाही, वाढदिवसाला कुणी दिलेला चालणार नाही. याच दोन संघांच्या खेळातला, आपणहून आलेला हवा.

मी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि बोलायचं नाही तेच बोललो. "आजोबा, चेंडू यात मावणार नाही. झाकण लागायचं नाही."

मुलीनं ते भाषांतर करायला नकार दिला. पण आजोबांना कळलं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिला माहीत नव्हतं."

त्या वसंतात त्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी जिने आणि गर्दी बंद सांगितली. त्यांची एक भाची, वारलेल्या बायकोच्या नात्यातली, फुनाबोरीला राहायची. ती दर रविवारी येऊन आठवड्याची औषधं लावून ठेवून जाई. तिनं मॅचला जायचं नाही म्हणून बजावलं. त्या आठवड्यात छताला काठी लागली नाही. शेवटी मीच पोहे घेऊन खाली गेलो. आजोबा टीव्ही बंद करून बसले होते, मांडीवर डबा.

"पुढच्या वर्षी मी नसेन, इंडोसान," ते म्हणाले. हवामान सांगावं तसं.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे या मॅचची तिकिटं होती आणि त्याला ऐन वेळी कामासाठी बाहेरगावी जावं लागत होतं. मी त्याच्याकडून ती मागून घेतली. बायको म्हणाली, "अरे, त्यांना काही झालं तर?" मी म्हणालो, "नाही नेलं तरी होणारच आहे." मग तिनं कपाटातून थर्मास काढून त्यात त्यांच्यासाठी पेज भरली. भाचीला तिनंच फोन केला. काय बोलली ते मला कळलं नाही, पण भाचीनं चाकाची खुर्ची पाठवून दिली.

तर आम्ही तिघं गेलो. आजोबा, मी, मुलगी. आता त्या जागेजवळ छप्पर असलेलं मैदान आहे, आभाळ नाही. तिसऱ्या बेसच्या बाजूला, पाहुण्या संघाच्या लोकांत, जाळी संपते तिथून जवळ आमच्या जागा होत्या. आजोबांनी गळ्यात पट्ट्यांचा टॉवेल घातला, मांडीवर कापडात बांधलेला डबा ठेवला आणि गाठ सोडून ठेवली. ऐन वेळी गाठ सोडण्यात वेळ जाऊ नये म्हणून.

मी त्या दिवशी शहाण्यासारखा वागत होतो. समोरच्यांच्या पाळीला गप्प, आपल्या पाळीला ओरड. आजोबा मधून मधून डोळे मिटायचे. मला वाटलं झोपले. पण बॅटचा आवाज झाला की उघडायचे. आवाजावरून त्यांना कळायचं कुठे गेला ते.

आणि मग आमच्या संघाच्या डावखुऱ्या बॅट्समननं तसला तो फटका मारला. रेषेबाहेर, उंच. सगळे उठले. पहारेकऱ्यांनी, चेंडू येतोय सांभाळा म्हणून, शिट्ट्या वाजवल्या. मी वर बघितलं आणि मला कळलं की हा आपल्याकडे येतोय. सायकल स्टँडची सगळी वर्षं मला आठवली. आजोबा खुर्चीतून अर्धवट उठायला बघत होते, मुलगी "बाबा! बाबा!" करत होती. मी दोन्ही हात वर केले आणि चेंडू आला, चपकन, आणि राहिला. निसटला नाही. तळहाताला आग लागली होती आणि चेंडू माझ्या हातात होता.

खाली, गवताच्या कडेला, चेंडू गोळा करणारा एक पोऱ्या माझ्याकडे बघत होता. बस, एवढंच. त्यानं हात केला नाही, मागितला नाही. पण माझ्या कानात आरोळी आली. "बॉल दे रे!" माझा हात मागे गेला. आणि मी फेकला. काय फेक होती ती! सपाट, सरळ, जाळीच्या कडेवरून, त्या पोऱ्याच्या पायाशी एका टप्प्यात. त्यानं तो उचलला, खिशात टाकला आणि टोपी काढून मला वाकून नमस्कार केला.

मी हसत वळलो. शाबासकीच्या अपेक्षेनं.

"नानी शितेरु नो!" मुलगी ओरडली. काय करतोयस हे! तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या रांगेतून एक लांबच लांब उसासा आला, सगळ्यांचा मिळून एक. आणि मग मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी डब्याचं झाकण काढून हातात धरलं होतं. डबा उघडा, माझ्या बाजूला किंचित तिरका धरलेला.

मला तेव्हा जे झालं त्याला मी आजवर विनोदी शब्द शोधतोय. मिळाला नाही.

पहारेकरी आला. त्यानं वाकून, अत्यंत नम्रपणे, मैदानात वस्तू फेकण्यास मनाई असल्याचं मला सांगितलं. हातांना लागलं का, असंही विचारलं. मी सतरांदा क्षमा मागितली. चेंडू परत मिळेल का, असं मुलीनं त्याला विचारलं तेव्हा तो गोंधळला. मैदानातला चेंडू मागायचा कसा, याचा नियम त्याच्याकडे नव्हता. तो परत वाकला आणि गेला.

आजोबांनी झाकण डब्यावर ठेवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून पेजेचा थर्मास उघडायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की ते हसतायत. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही.

"ताईनं सुद्धा," ते धाप टाकत म्हणाले, "एवढ्या लवकर नव्हता दिला."

पुढचे आठवडे मी त्या चेंडूच्या मागे लागलो. मुलीकडून लिहून घेऊन मैदानाच्या लोकांना विनंती पाठवली. सगळे चेंडू एकत्र जातात, ओळखणं शक्य नाही, असं सभ्य उत्तर आलं. तोवर आजोबा दवाखान्यात दाखल झाले होते. मग मी, म्हणजे मीच तो, एक योजना केली. दुकानातून तसलाच चेंडू आणला. रविवारी नदीकाठच्या मैदानात आपली मंडळी क्रिकेट खेळतात, तिथं जाऊन एकाला म्हणालो, हा जरा ठोक. त्यानं क्रिकेटच्या बॅटनं तो मनापासून ठोकला. मी तो मातीत घोळवला, गवतावर घासला, पुसला. बायको बघत होती. "तू लहान मुलाला फसवतोयस का मोठ्या माणसाला, एवढं ठरव," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी कुणालाच फसवू शकत नाही, ते तुला माहीत आहे. पण प्रयत्न करू दे."

दवाखान्यात मी चेंडू आजोबांच्या हातात ठेवला. मैदानावाल्यांनी शोधून पाठवला, असं सांगितलं. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

आजोबांनी अंगठ्यानं शिवण चाचपली. चेंडू नाकाशी नेला. करवंटीचा घेतला होता तसाच वास घेतला.

"कुणी मारला होता?" त्यांनी विचारलं.

मला खेळाडूंची नावं नीट येत नाहीत. जे एक सुचलं ते ठोकून दिलं.

"अच्छा," आजोबा म्हणाले. "तो गेल्या वर्षीच दुसऱ्या संघात गेला."

माझे कान तापले. मुलगी अजून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलायला लागले होते.

"इंडोसान," आजोबा म्हणाले, "हा मी ठेवतो. हा माझा. चांगला आहे." त्यांनी तो पांघरुणात, पोटाशी ओढून घेतला. "ताईसाठी मात्र खराच लागेल हं. ती ओळखेल."

"आणतो," मी म्हणालो.

आणि खरंच मी त्या उन्हाळ्यात त्या दोघांच्या जमतील तेवढ्या मॅचना गेलो. डबा आजोबांनी माझ्याकडे दिला होता. ऑफिसातून थेट, टाय खिशात कोंबून, तिसऱ्या बेसच्या बाजूला. एकदा चेंडू चार खुर्च्या पलीकडे पडला. एकदा माझ्या पुढच्या माणसाच्या बिअरमध्ये पडला आणि त्यानं बिअरसकट तो उचलून सगळ्यांना दाखवला. येताना मी दवाखान्यात जायचो. आजोबा माझा चेहरा बघायचे आणि विचारायचे नाहीत. मग मी मॅच सांगायचो आणि ते चुका दुरुस्त करायचे. हात पांघरुणात असायचे. खोटा चेंडू त्यांनी खाली ठेवलेला मी कधी बघितला नाही. नर्सबाई सांगायच्या की सुई टोचायलासुद्धा दुसरा हात पुढे करतात.

पानं पिवळी पडायच्या सुमाराला भाचीचा फोन आला.

अंत्यसंस्काराला आम्ही तिघं आणि भाचीच्या घरचे चारजण. पेटीत त्यांच्याभोवती फुलं ठेवायची असतात. आवडीची वस्तूही ठेवता येते. भाचीनं पट्ट्यांचा टॉवेल ठेवला. मुलीनं चेंडू ठेवला, त्यांच्या उजव्या हाताशी. बोटं वाकवून पकड बसवायचा तिनं प्रयत्न केला, दोन बोटं वर, अंगठा खाली. जमलं नाही. मग नुसताच टेकवून ठेवला.

पांढरे हातमोजे घातलेला तिथला माणूस पुढे आला. त्यानं क्षमा मागितली. आत रबर असतं, भट्टीत फुटतं, त्यामुळे ठेवता येणार नाही, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं आजोबांच्या हाताजवळून चेंडू उचलला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि वाकला.

मी घेतला. मीही वाकलो. परतीच्या गाडीत मी मूठ उघडली नाही. चेंडू आत होता तरी.

मुलीनं एकदाच विचारलं, मराठीत. "बाबा, तो खरा असता तर चालला असता?"

"नाही गं," मी म्हणालो. "त्यातही रबर असतं."

भाचीनं घर रिकामं केलं तेव्हा मी डबा परत द्यायला खाली गेलो. तिनं न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत भांडी भरून ती दाराशी ठेवली होती आणि डब्यासाठी पिशवीचं तोंड उघडून धरलं. मी विचारलं, मी ठेवू का? ती म्हणाली, "पण झाकणाला भोक आहे हो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, ठेवा.

आजोबांच्या अस्थी ताईच्याच थडग्यात ठेवल्या आहेत. आम्ही जाऊन आलो. चेंडू नेला नाही. खोटा तो, ताई ओळखेल.

यंदाच्या वसंतात हेच दोन संघ पुन्हा तोक्योत खेळले. मी आणि मुलगी गेलो. खोटा चेंडू घरी फ्रिजवर ठेवला आणि डबा रिकामा नेला. मांडीवर घेतला, कापडाची गाठ सोडून ठेवली, झाकण काढून बाजूला ठेवलं. अर्धी मॅच झाली असेल. बॅटचा आवाज झाला आणि मला, हो मलासुद्धा, आवाजावरून कळलं की हा रेषेबाहेरचा आहे. शिट्ट्या वाजल्या. सगळे उठले. चेंडू वर दिव्यांत दिसेनासा झाला आणि मग थेट आमच्या रांगेवर, माझ्या डोक्यावरून, उठलो असतो तर सहज हातात आला असता इतक्या जवळून, मागे गेला. मागच्या एका बाईनं तो घेतला आणि आनंदानं किंचाळली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, नानी शितेरु नो," ती म्हणाली. पण या वेळी हळू आवाजात. "उठला का नाहीस?"

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात डब्याभोवती घट्ट होते. उठलो असतो तर तो पडला असता.